आजपासून मी आईपेक्षा मोठी

अबोली | सोमवार, रात्री ११.१०

गेले कित्येक महिने एक आकडा डोक्यात होता. आज तो ओलांडला. आई गेली तेव्हा ५१ वर्षं आणि चार महिन्यांची होती, वर थोडे दिवस. दिवसांत मांडलं तर १८,७६०. आज माझा १८,७६१वा दिवस. म्हणजे आज सकाळी उठले ती आईपेक्षा वयानं मोठी होऊन.

दिवसभरात वेगळं काही घडलं नाही. पण आरशात पाहताना लक्षात आलं, की इथून पुढचा तिचा चेहरा मी पाहिलेलाच नाही. आजवर प्रत्येक वयात ती माझ्या पुढे चालत होती. गुडघे दुखायला लागले तेव्हा आठवलं, तिचेही याच वयात दुखायचे. चष्म्याचा नंबर वाढला तेव्हाही तेच. आता पुढे कुणी नाही आणि मला त्या रिकाम्या वाटेची भीती वाटली.

आईची एक सवय होती. काहीही झालं, परीक्षा असो, ताप असो, भांडण असो, ती म्हणायची, "मी आहे ना." एवढंच. माझा तिच्यावर पूर्ण भरवसा होता आणि तो चुकीचा नव्हता. ती खोटं कधी बोलली नाही. तरीही आज ती नाही. त्या तीन शब्दांमागे तिचं सगळं प्रेम होतं, पण ते शब्द खरे ठेवायला लागणारं आयुष्य तिच्या हातात नव्हतं.

ती गेल्यावर पुष्कळजणांनी सांगितलं, देवावर भरवसा ठेव. मला तेव्हा कळेना, की नेमका कशाचा भरवसा? तो आयुष्य वाढवेल याचा? तेच तर आम्ही तिच्यासाठी मागितलं होतं, गुडघे टेकून, रडून. मिळालं नाही. मग उरतं काय?

ज्यानं मला त्या काळात धरून ठेवलं ते बायबलमधलं ९०वं स्तोत्र. इस्राएल लोकांना गुलामगिरीतून बाहेर काढणाऱ्या मोशेची प्रार्थना. अंत्यविधीच्या वेळी वाचतात म्हणून ऐकलेलं होतं, पण एकटीनं, हळू वाचलं तेव्हा कळलं की त्यात मला कुणी समजावतच नाही. माणूस धूळ आहे, सकाळी उगवून संध्याकाळी वाळणारं गवत आहे, वर्षं उसाशासारखी निघून जातात, सत्तर, फार तर ऐंशी, आणि त्यातही बहुतेक कष्ट. कुठलीही मलमपट्टी नाही. आणि हे सगळं ज्याला सांगायचं त्याला पहिल्याच ओळीत काय म्हटलंय? तू आमचं निवासस्थान आहेस. पिढ्यान्‌पिढ्या.

मी बरीच वर्षं देवाकडे जास्त दिवस मागत होते. हे स्तोत्र तेही मागत नाही. दिवस गणायला शिकव, म्हणजे शहाणं अंतःकरण मिळेल, एवढंच मागतं. मी गणले तर खरे, १८,७६१ झाले. पण शिकले का, ते मला माहीत नाही. म्हणून इथे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी या वाटेनं गेलं असेल तर बोला.

वाटसरू_२ | सोमवार, रात्री ११.३२

ताई, दोनदा वाचलं. माझे वडील ६३ व्या वर्षी गेले आणि मी आता ५९ चा आहे. हा आकडा मीही मनात धरून बसलोय, कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवस गणण्याचं म्हणाल तर मी ते शब्दशः केलं होतं. सत्तर वर्षांचे लीप वर्षं धरून साधारण २५,५६७ दिवस होतात. मोठ्या कागदावर तेवढे चौकोन आखले आणि गेलेले दिवस काळे करत बसलो. रात्री एक वाजता संपवलं आणि समोर पाहिलं तर छातीत धस्स झालं. कागदभर काळं आणि खाली उरलेली बारीकशी पांढरी पट्टी. शहाणपण वगैरे काही आलं नाही, नुसती धास्ती आली. दुसऱ्या दिवशी कागद फाडून टाकला. त्यामुळे गणण्यातून काय मिळतं ते मला खरंच कळलेलं नाही.

अबोली | सोमवार, रात्री ११.५५

दादा, वाचतानाच अंगावर काटा आला. पण मला वाटतं त्या ओळीतला महत्त्वाचा शब्द "गणणे" नाहीच, "शिकव" हा आहे. बेरीज वजाबाकी आपल्याला येतेच की. तरी मोशे म्हणतो मला हे येत नाही, तू शिकव. म्हणजे एकट्यानं मोजलं तर जे होतं ते तुमच्या कागदानं दाखवलं. हा हिशेब कुणाच्या तरी शेजारी बसून करायचा असावा.

तळटीप | मंगळवार, सकाळी ६.२०

अबोली, या स्तोत्राबरोबर मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दीडशे स्तोत्रांपैकी मोशेचं नाव असलेलं हे एकच. आणि मोशेला दिवस गणण्याबद्दल बोलायचा अधिकार का होता, ते बायबलमधल्या "गणना" या पुस्तकात दिसतं. त्यात दोन शिरगणत्या आहेत. पहिली मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, निघाल्यावर दुसऱ्या वर्षी: वीस वर्षांवरचे, लढाईला जाण्याजोगे पुरुष ६,०३,५५०. दुसरी अरण्यातली वर्षं संपत आल्यावर: ६,०१,७३०. आकडे जवळपास सारखे, म्हणून वाचणारा पुढे सरकतो. पण दुसऱ्या यादीच्या शेवटी एक वाक्य आहे. पहिल्या यादीतला एकही माणूस या यादीत नव्हता, कालेब आणि यहोशवा सोडून.

मी एकदा भागाकार केला. सहा लाख माणसं, दोन गणत्यांमधली अडतीस वर्षं. सरासरी दिवसाला ४३. रोज, आणि बायका त्या यादीत धरलेल्याच नाहीत. तंबू हलवायचा, पुरायचं, पुढे जायचं. त्या माणसांना मोशे नावानं ओळखत असणार. त्याची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच वर्षांत गेले. असा माणूस म्हणतो आयुष्य गवतासारखं आहे, तेव्हा ती नुसती उपमा राहत नाही. त्यानं ते रोज पाहिलेलं आहे.

आणि आता पहिली ओळ पुन्हा वाचा. "तू आमचं निवासस्थान." म्हणणारे कोण? ज्यांना चाळीस वर्षं घर नव्हतं. खुंट्या ठोकायच्या आणि उपटायच्या. ज्याला पक्कं घर आहे त्याच्या तोंडी हे वाक्य शोभेचं वाटलं असतं. त्यांना मात्र दुसरं घरच नव्हतं.

मोशे स्वतः १२० वर्षं जगला आणि ज्या देशाकडे निघाला होता तिथे पोचला नाही. नबो डोंगरावरून त्यानं तो पाहिला, बस. मरणापूर्वी लोकांना आशीर्वाद देताना तो म्हणाला की सनातन देव तुझा आश्रय आहे आणि खाली त्याचे सर्वकाळचे बाहू आहेत. "खाली" हा शब्द मला फार आवडतो. वरून कुणी पाहतंय असं नाही म्हटलं. पडणारा जिथे पडेल तिथे ते हात आहेत.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८.०५

ड्यूटी संपवून आताच आले, झोपायच्या आधी एवढं लिहिते. मी परिचारिका आहे. ज्यांच्या आजारावर आता उपचार उरलेले नाहीत अशांच्या वॉर्डात बहुतेक रात्री काम करते.

त्याच स्तोत्रात आहे ना, की हजार वर्षं तुझ्या दृष्टीनं कालच्या सरलेल्या दिवसासारखी, रात्रीच्या एका प्रहरासारखी. आपला प्रहर तीन तासांचा. इस्राएल लोकांकडे पूर्वी रात्रीचे तीनच भाग असायचे, म्हणजे एकेक भाग साधारण चार तासांचा. मला हे आमच्या चर्चमध्ये एका आजोबांनी सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्यासाठी बदललं. कारण रात्रीचे ते चार तास म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. झोपलेल्या माणसाला ते डोळ्याची पापणी लवावी तसे जातात. दुखत असलेल्या माणसाला तेच चार तास सरता सरत नाहीत. "सिस्टर, किती वाजले?" "दोन वाजून दहा मिनिटं." वाटतं तासभर झाला असेल, तर पुन्हा हाक, "सिस्टर, किती वाजले?" आणि घड्याळात दोन पंचवीस.

प्रहर हा पहारेकऱ्याचा शब्द आहे. झोपलेला प्रहर मोजत नाही, जागा असलेला मोजतो. म्हणून हजार वर्षं प्रहरासारखी याचा अर्थ मी असा घेत नाही की देवाला आपली वर्षं किरकोळ वाटतात. मी असा घेते की तो जागा आहे. आजूबाजूच्या सगळ्यांना झोप लागते, नातेवाईक बिचारे खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतात, मलाही पहाटे चारला डोळे जड होतात. कुणीतरी एक जण जागा आहे, एवढ्यावर माझा पूर्ण भार आहे. नाहीतर मला हे काम झालं नसतं.

मोकळे आकाश | मंगळवार, दुपारी १.४५

सगळ्यांनी मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासूनच विचारतो. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

१९८६ मध्ये मी दहा वर्षांचा होतो. वडिलांनी पहाटे उठवून गच्चीवर नेलं आणि दुर्बिणीतून हॅलेचा धूमकेतू दाखवला. अगदी अंधूक, कापसाच्या बोळ्यासारखा. वडील म्हणाले, हा १९१० साली आला होता तेव्हा तुझे पणजोबा होते. आता परत येईल २०६१ ला, तेव्हा मी नसेन, तू बहुतेक असशील. वडील गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. मी २०६१ ला ८५ वर्षांचा असेन, म्हणजे माझाही भरवसा नाही.

तो मात्र येणार. दिलेल्या वेळेला, साधारण ७६ वर्षांनी, चुकणार नाही. आता माझा प्रश्न असा. टिकून राहणं हे भरवशाचं कारण कसं होऊ शकतं? धूमकेतू माझ्यापेक्षा टिकाऊ आहे, वेळेचा पक्का आहे, पण मी त्या गच्चीवर होतो हे त्याला ठाऊक नाही आणि मी नसेन तेव्हा त्याचं काही अडणार नाही. देव सनातन आहे असं मानलं, तरी त्यातून तो माझा कोणीतरी आहे हे कसं निघतं? उलट जितका तो मोठा आणि मी छोटा, तितका मी त्याच्या लेखी नगण्य होत जायला हवा. माझ्या वडिलांना मी हवा होतो. अनंताला मी कशाला हवा असेन?

गाथावाचक | मंगळवार, सायंकाळी ५.३०

मी वारकरी घरातला. इथली चर्चा दुसऱ्या परंपरेतली असली तरी दुःख एकच आहे, म्हणून दोन शब्द.

लहानपणी मला एक कोडं पडायचं. ज्ञानदेवांनी १२९६ साली, वयाच्या २१ व्या वर्षी समाधी घेतली. नामदेव त्यांच्या बरोबरीचे, त्यांच्यापेक्षा पाचएक वर्षांनी मोठे, आणि त्यांना १२७० ते १३५० असं ऐंशी वर्षांचं आयुष्य लाभलं. एकच काळ, एकच विठ्ठल, एकत्र तीर्थयात्रा केलेली. एकाला २१ आणि एकाला ८०. मी आजीला विचारलं होतं, देवाचं कुणावर जास्त प्रेम? आजी म्हणाली, "दोघांनी त्याला मोजून मागितलं नव्हतं रे."

मोकळे आकाश, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे तर्काचं उत्तर नाही. पण नामदेवांचा विचार मनात येतो. मित्र समाधीत बसला, मागोमाग त्याची भावंडंही गेली, आणि नामदेव त्यानंतर चोपन्न वर्षं नाम घेत राहिले. ज्याला आपल्याशी काही घेणंदेणं नाही अशा कुणाशी माणूस चोपन्न वर्षं बोलत राहील असं मला वाटत नाही.

अबोली | मंगळवार, रात्री १०.१५

मोकळे आकाश, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. मला तो अगदी योग्य वाटतो आणि घाईनं उत्तर द्यावंसं वाटत नाही.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. नुसतं टिकणं कामाचं नाही. डोंगर टिकतात, त्यांना कुणी "मला सांभाळ" म्हणत नाही. पण माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी दुसरी बाजू लिहिली होती, ती आता तुमच्या धूमकेतूशेजारी ठेवून पाहते. आईचं प्रेम होतं, ती टिकली नाही. धूमकेतू टिकतो, त्याला प्रेम नाही. मला या दोन्हींपैकी एकावर सगळा भार टाकता येत नाही. आईवर टाकला होता आणि मी पडले.

माणसाचा शब्द कशामुळे मोडतो, याचा विचार केला तर तीनच कारणं सापडतात. त्याचं मन बदलतं, त्याचं बळ संपतं, किंवा तो मरतो. प्रामाणिक माणसांच्या बाबतीत पहिलं कारण निघून जातं. उरलेली दोन कुणालाच चुकत नाहीत. वचन देणाऱ्याच्या आयुष्यापेक्षा वचन लांब असू शकत नाही. म्हणून देव सनातन आहे हे मला कौतुकासारखं वाटत नाही, ते मला गरजेचं वाटतं. तेवढ्यानं पुरत नाही हे कबूल. पण त्याच्यावाचून प्रेमही पुरत नाही.

मग तो माझा आहे कशावरून? हे मी सिद्ध करू शकत नाही. मला दिसतं ते एवढंच, की ९०वं स्तोत्र देवाबद्दल बोलत नाही, देवाशी बोलतं. पहिल्या शब्दापासून "तू". धूमकेतूला कुणी तू म्हणत नाही. आणि बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात एक जागा आहे तिथे देवच हा विषय काढतो. आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल का, असं विचारतो. पुढचं वाक्य मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. ती विसरेल एक वेळ, मी विसरणार नाही. मी तुला माझ्या तळहातांवर कोरलं आहे. त्याला आईची उपमा पुरली नाही. आईच्या पुढे जावं लागलं. माझ्या आईलाही हे वाचून आनंद झाला असता, कारण तिला स्वतःची मर्यादा शेवटच्या दिवसांत फार बोचत होती.

आणखी एक. मी ख्रिस्ती आहे म्हणून हे माझ्यासाठी शेवटचं आणि सगळ्यात मोठं आहे. जो सनातन आहे तो आपलं थोडकं आयुष्य लांबून पाहत राहिला नाही. तो त्यात उतरला. येशू तिशीतच गेला. मोशेनं सांगितलेल्या सत्तरच्या निम्म्यालाही नीट पोचला नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी तो रडला, पुढच्या क्षणी त्याला उठवणार हे ठाऊक असताना रडला. अनंताला मी कशाला हवा असेन, याचं उत्तर मला त्या रडण्यात दिसतं. तर्क म्हणून ते कच्चं असेल. पण मी त्यावर उभी आहे.

मोकळे आकाश | मंगळवार, रात्री ११.०२

ताई, उत्तराबद्दल मनापासून आभार. "वचन देणाऱ्याच्या आयुष्यापेक्षा वचन लांब असू शकत नाही" हे मी वहीत उतरवून घेतलं. मी अजून तिथे पोचलेलो नाही, खोटं बोलणार नाही. पण प्रश्न मी जसा मांडला होता तसा आता राहिला नाही.

एक मात्र अडतं. काल रात्री मी ते स्तोत्र पूर्ण वाचलं. मधल्या चार-पाच ओळींत देवाचा राग आहे. आमचे दिवस तुझ्या क्रोधात सरले, आमची गुप्त पापं तुझ्या मुखप्रकाशात आहेत. तुम्ही कुणीच त्याबद्दल बोलला नाहीत.

तळटीप | बुधवार, सकाळी ६.४०

बरोबर पकडलंत. आम्ही त्या ओळी गाळून वाचतो, अंत्यविधीतही पुष्कळदा गाळतात.

मला वाटतं त्या ओळींवाचून स्तोत्र खोटं पडलं असतं. मरण ही निसर्गाची साधी गोष्ट आहे, वाईट वाटून घेऊ नका, असं मोशे म्हणत नाही. काहीतरी बिघडलंय, देव आणि माणूस यांच्यात काहीतरी मोडलंय, हे तो सरळ बोलतो. आणि ते बोलून झाल्यावर पळून जात नाही. त्याच देवाला म्हणतो, किती वेळ? परत ये. ज्याच्या रागाची भीती वाटते त्याच्याकडेच दाद मागायची, दुसरीकडे जायचं नाही. लेकरू आईचा मार खाताना आईलाच मिठी मारतं, तसं. मी हे पूर्ण समजलोय असं नाही. पण रागावणारा निदान धूमकेतू नसतो. ज्याला आपली फिकीर नाही तो आपल्यावर रागावत नाही.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८.३०

शेवटच्या ओळीबद्दल कुणीतरी लिहिलं असेल म्हणून पाहत होते. "आमच्या हातचं काम स्थिर कर." आणि लगेच पुन्हा तेच, "होय, आमच्या हातचं काम स्थिर कर." दोनदा.

माझ्या हातचं काम म्हणजे काय, तर कूस बदलणं, ओठ ओले करणं, चादर सारखी करणं. काल रात्री एका आजींचं सगळं केलं, केससुद्धा विंचरले. पहाटे साडेपाचला त्या गेल्या. सात वाजता पलंग रिकामा आणि नवी चादर. मी केलेल्यातलं काय उरलं? काहीच नाही. सुरुवातीची काही वर्षं मला याचं फार वाईट वाटायचं. वाटायचं, पाण्यावर लिहितेय.

तरी ती प्रार्थना मी दोनदा म्हणते, लिहिलीय तशी. माझ्या हातून ते काम टिकणार नाही. टिकवायचं असेल तर ज्याला शेवट नाही त्यालाच टिकवता येईल.

चैत्रपालवी | बुधवार, रात्री ९.५०

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. तीन दिवस हा धागा वाचतेय आणि प्रत्येक वेळी लिहिलेलं पुसतेय.

तुम्ही सगळे सत्तर, ऐंशी, एक्कावन्न, एकवीस असे आकडे लिहिताय. माझी मुलगी नऊ दिवस जगली. तिचे दिवस गणायला मला काही शिकावं लागलं नाही. गवतसुद्धा संध्याकाळी वाळण्याआधी सकाळी फुलतं असं म्हटलंय. ती फुललीही नाही. तिला शहाणं अंतःकरण मिळायला वेळ नव्हता, तिच्या हातून काही काम झालं नाही. मग या सगळ्यात ती कुठे बसते? मला वाद घालायचा नाही. मला फक्त हे कुणालातरी विचारायचं होतं.

वाटसरू_२ | बुधवार, रात्री १०.०८

ताई, विचारलंत ते बरं केलंत. काय बोलावं सुचत नाही. आज रात्री तुमच्यासाठी आणि लेकीसाठी प्रार्थना करतो.

तळटीप | बुधवार, रात्री १०.४०

चैत्रपालवी, लिहू की नको असं झालं होतं. उपयोगाचं वाटलं नाही तर सोडून द्या.

इब्री, म्हणजे हिब्रू भाषेत "हेवेल" असा शब्द आहे. श्वास, वाफ. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकात "व्यर्थ, व्यर्थ" म्हणून येतो तो हाच. आणि बायबलमध्ये जो पहिला माणूस मरतो त्याचं नावही तेच. आपण हाबेल म्हणतो, मूळ हेवेल. वाफ. त्याला मूलबाळ नाही, त्याच्या तोंडचं एकही वाक्य लिहिलेलं नाही. आला आणि गेला. तरी तो गेल्यावर देव त्याला मारणाऱ्या भावाला, काइनाला, पहिला प्रश्न विचारतो तो त्याच्याबद्दल. तुझा भाऊ कुठे आहे? ज्याचं नावच वाफ, त्याची चौकशी देवानं केली. त्याला हिशेबातून सोडलं नाही.

दुसरं म्हणजे, साधारण इ.स. ५२४ च्या सुमारास बोएथियस नावाचा एक रोमन माणूस तुरुंगात मरणाची वाट पाहत होता. तिथे त्यानं अनंताचा अर्थ असा लावला, की अनंत म्हणजे लांबच लांब काळ नव्हे. आपल्याकडे आयुष्य तुकड्यातुकड्यानं येतं, कालचं हातातून गेलं, उद्याचं आलेलं नाही. देवाकडे सगळं आयुष्य एकाच वेळी, पूर्ण आहे. हे मी तरुणपणी नुसतं डोक्यानं वाचलं होतं. माझी पत्नी गेल्यावर ते मला निराळं वाटायला लागलं. आपल्यासाठी तुमच्या लेकीचे नऊ दिवस मागे पडले. त्याच्यासाठी ते मागे पडत नाहीत. त्याच्यापुढे ते आहेत, तसेच्या तसे, नऊच्या नऊ.

अबोली | बुधवार, रात्री ११.२०

चैत्रपालवी, तुम्ही विचारलंत ती कुठे बसते. मला वाटतं ती पहिल्या ओळीत बसते. पुढच्या ओळी शहाणपणाच्या आणि कामाच्या आहेत, त्या आपल्यासारख्यांना, ज्यांना दिवस मिळाले. निवासस्थान असण्यासाठी मात्र राहणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. तिनं काही केलं नाही आणि तरी ती तुमच्या कुशीत होतीच ना.

त्याच स्तोत्रात एक मागणं आहे, ज्याच्याकडे मी आजवर नीट पाहिलं नव्हतं. जितके दिवस तू आम्हाला दुःख दिलंस तितके दिवस आम्हाला आनंद दे. तिथेही हिशेबच आहे. दिवसास दिवस. तुमच्या नऊ दिवसांचा हिशेब देवाकडे मागायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे. मोशेनं मागितला.

तिचं नाव सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तरी चालेल.

चैत्रपालवी | शनिवार, दुपारी ३.१५

नाव ठेवायचं राहून गेलं होतं. बारावा दिवस उजाडलाच नाही. आम्ही घरात तिला नुसतं "बाळ" म्हणायचो, अजूनही तेच म्हणतो.

काका, तुम्ही "नऊच्या नऊ" लिहिलंत. मी इतकी वर्षं फक्त नववा दिवस आठवत आले. बाकीचे आठ मी कुठे ठेवले होते, मला माहीत नाही. काल वही घेऊन बसले आणि एकेक लिहून काढला. पहिल्या दिवशी तिच्या उजव्या कानावर बारीक लव होती. तिसऱ्या दिवशी तिला उचकी लागली आणि थांबेचना, नर्स हसली, मग मीही हसले. मी हसले होते हेच विसरले होते. पाचव्या दिवसाचं काही आठवलं नाही, ते पान कोरं ठेवलंय. सहाव्या दिवशी तिच्या बाबांनी काचेतून बोट आत घातलं आणि तिनं ते धरलं, आणि ते अर्धा तास तसेच वाकून उभे राहिले. पाठ दुखली तरी हलले नाहीत.

वही यांना वाचायला दिली. पाचव्या दिवसाचं कोरं पान पाहून ते म्हणाले, "मला आठवतंय, सांगू?"